साखर १९०, तरीही आयसीयू: दाद कुणाकडे मागायची?

प्रश्न : माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. मधुमेहासाठी त्यांना मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनची एकत्र गोळी चालू होती. आषाढी एकादशीला निर्जळी उपास केला, पण गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी उलट्या, पोटदुखी, धाप. एका खाजगी रुग्णालयात साखर १९० निघाली म्हणून ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. रात्री दुसरीकडे आयसीयूत ठेवावं लागलं. डिस्चार्ज कार्डावर ‘युग्लायसेमिक डीकेए’ असं लिहिलंय. उपासात गोळी थांबवायची हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. कंपनीवर दावा करता येईल का? (एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर : करता येईल, पण तुमच्या हकिगतीत कंपनीपेक्षा पहिल्या रुग्णालयाची बाजू जास्त लंगडी दिसते. त्याचं कारण औषधाच्या कामातच आहे.

ग्लिफ्लोझिन गटातली औषधं (डापा, एम्पा, काना) साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. पोटात अन्न नसलं की इन्सुलिन कमी होतं, शरीर चरबी जाळू लागतं आणि रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) साठून रक्त आम्लधर्मी होतं. हेच कार्डावरचं डीकेए, म्हणजे डायबेटिक कीटोॲसिडोसिस. एरवी या अवस्थेत साखर ३००-४०० पर्यंत चढते आणि डॉक्टर लगेच सावध होतात. इथे साखर लघवीतून वाहून जात असल्याने ग्लुकोमीटर २५० च्या आतच आकडा दाखवतो, म्हणून ‘युग्लायसेमिक’, म्हणजे साखर फारशी न वाढलेलं. म्हणून या गोळ्या घेणाऱ्याला उलट्या आणि धाप असेल, तर साखर कितीही असो, रक्तातले कीटोन आणि एबीजी (धमनीतल्या रक्ताची आम्लता मोजणारी चाचणी) तपासायलाच हवेत. कीटोन ३ च्या वर आणि पीएच ७.३ च्या खाली असेल तर निदान पक्कं. अमेरिकेच्या औषध नियंत्रक संस्थेने (एफडीए) हा इशारा २०१५ मध्येच दिला होता.

घरात अजून कुणी ही गोळी घेत असेल, तर उलट्या-जुलाब, कडक उपास किंवा जेवण तुटलेलं असताना ती थांबवायची. ठरलेल्या ऑपरेशनआधी किमान तीन दिवस. उपासाचा बेत आधीच डॉक्टरांच्या कानावर घाला. इन्सुलिन मात्र परस्पर बंद करू नका. आणि घाबरून गोळी कायमची टाकूनही देऊ नका, हृदय आणि मूत्रपिंडासाठी ती खरोखर गुणकारी आहे.

आता कायदा. दुष्परिणाम झाला एवढ्यावर आपल्याकडे भरपाई मिळत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८४ प्रमाणे योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारा न देणारा उत्पादक जबाबदार ठरतो. पण कलम ८७ त्याला वाट देतं: औषध तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यायचं असेल आणि कंपनीने तो इशारा तज्ज्ञापर्यंत पोहोचवला असेल, तर ती सुटते. डॉक्टरांसाठीच्या माहितीपत्रकात कीटोॲसिडोसिसचा उल्लेख सापडला, की प्रश्न डॉक्टरांवर येतो. त्यांनी तुम्हाला सांगितलं का? आणि पहिल्या रुग्णालयात चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवूनही कीटोन का तपासले नाहीत? दुसऱ्या मुद्द्यावर एखाद्या एंडोक्रायनॉलॉजिस्टचं (मधुमेह आणि हार्मोनच्या विकारांच्या तज्ज्ञाचं) लेखी मत घ्या. प्रत्येक ग्राहक तक्रारीत तज्ज्ञाची साक्ष लागतेच असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये स्पष्ट केलंय. तरी अशा तांत्रिक प्रकरणात त्या मताशिवाय टिकणं कठीण.

कागद आजच गोळा करा. दोन्ही रुग्णालयांकडे केस पेपरसाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अर्जापासून ७२ तासांत कागद देणं डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. पहिल्या रुग्णालयाचा कॅज्युअल्टीचा कागद सगळ्यात मोलाचा. गोळ्यांची पट्टी फेकू नका. २०२० मध्ये पेटंट संपल्यावर डापाग्लिफ्लोझिन असंख्य कंपन्या बनवू लागल्या, त्यामुळे बॅच नंबर असलेलं बिल नसेल तर दावा कुणावर लावायचा हेच ठरत नाही. दवा बाजारातून पाच-दहा टक्के सुटीसाठी बिनबिलाची औषधं आणण्याची सवय इथे फार महागात पडते.

तक्रार इंदूरच्या जिल्हा उपभोक्ता आयोगात किंवा ई-जागृती पोर्टलवर. मुदत घटनेपासून दोन वर्षं. उपचारांसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोगच ऐकतो. वकील सक्तीचा नाही, पण वैद्यकीय प्रकरणात असावा.

शिवाय १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर दुष्परिणामाची नोंद करा. रुग्णांसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. यातून पैसे मिळत नाहीत, पण गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे जमणाऱ्या अशा नोंदींवरूनच औषधाबद्दलचे नवे इशारे निघतात. एवढं कराच.

प्रश्न : वडील आठ वर्षं मधुमेहासाठी पायोग्लिटाझोन घेत आहेत. अमेरिकेत या औषधामुळे कॅन्सर झाल्याबद्दल लोकांना पैसे मिळाले म्हणे. आपल्याला मिळतील का?

उत्तर : नाही. हे औषध बनवणाऱ्या टाकेडा कंपनीने २०१५ मध्ये जवळपास २४० कोटी डॉलरची तडजोड केली ती तिथल्या दावेदारांशी, तिथल्या विक्रीबद्दल. भारतात जून २०१३ मध्ये हे औषध थांबवलं गेलं आणि जुलैअखेर मूत्राशयाच्या कॅन्सरचा ठळक इशारा छापण्याच्या अटीवर परत आलं. त्यामुळे ‘इशाराच नव्हता’ हा मुद्दा आता अवघड. वडिलांच्या लघवीतून एकदा जरी रक्त गेलं, न दुखता गेलं तरी, युरॉलॉजिस्टकडे न्या. पायांना सूज किंवा धाप असेल तर ही गोळी चालू ठेवायची का, हे लगेच विचारा. हार्ट फेल्युअरमध्ये ती चालत नाही.

प्रश्न : उपचार सरकारी रुग्णालयात मोफत झाले असतील तर?

उत्तर : जिथे सगळ्यांनाच उपचार फुकट, तिथली सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही (सुप्रीम कोर्ट, १९९५). काहींकडून पैसे घेतले जात असतील तर फुकट उपचार घेणाऱ्यालाही दाद मागता येते. नाहीतर दिवाणी दावा, किंवा डॉक्टरविरुद्ध भोपाळच्या मेडिकल कौन्सिलकडे तक्रार. कौन्सिल मात्र भरपाई देत नाही. महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मोफत वकील मिळतो. फोन १५१००.