पहिली गोणी दुसऱ्याला उचलू दे

प्रिय पोरा,

काल तुझा फोन आला तेव्हा मी पारावर बसलो होतो. भोवती माणसं होती, म्हणून हूं हूं करून ठेवून दिला. तू म्हणालास, वजन उतरवायच्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले, सोळा किलो उतरलं, अंग हलकं वाटतं, सोमवारपासून गाळ्यावर हमालीला जातो. आणि शेवटी हळूच म्हणालास, ‘काका, टोळीत अपेंडिक्स सांगितलंय.’

माझ्या पोटात गोळाच आला. नऊ वर्षांपूर्वी मीही अपेंडिक्सच सांगितलं होतं.

वजन उतरवायचं ऑपरेशन म्हणजे पैसेवाल्यांची हौस, असं आपल्याकडे सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. गोण्या वाहणाऱ्या माणसाला ते कशाला लागतंय? माझं वजन तेव्हा १२८ किलो होतं. साखर चढलेली, आणि ट्रकला लावलेल्या फळीवर चढताना उजवा गुडघा करकर वाजायचा. घाम गाळणारा माणूस सुटत नाही, हे कुणी ठरवलं देव जाणे. पहाटे वडापाव, दुपारी तीन भाकऱ्या, मध्यरात्री गाडी खाली केली की पुन्हा जेवण. वाशीच्या दाणाबंदरात, त्या धान्याच्या बाजारात, अशानं सुटलेला मी एकटाच नव्हतो. तरी लाज वाटली आणि खोटं बोललो.

पापपुण्याचं सोड. त्या खोट्याचा तोटा वेगळाच झाला. अपेंडिक्सवाला किती दिवसांनी कामाला येतो हे टोळीला पाठ असतं. तिसऱ्या आठवड्यात फोन सुरू झाले, पाचव्यात चिडवाचिडवी. सहाव्या आठवड्यात गेलो आणि तूरडाळीची ५० किलोची गोणी थेट जमिनीवरून उचलली, श्वास कोंडून, कंबरेतून वळत. तेव्हा काहीच दुखलं नाही. रात्री अंघोळ करताना बेंबीच्या वर लिंबाएवढा फुगवटा हाताला लागला. खोकलं की बाहेर, आडवं झालं की आत. हर्निया. पुन्हा भूल, पुन्हा टाके, आत जाळी बसवली, आणि वर तीन महिने घरी.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात बाहेरून चारपाच भोकंच दिसतात ना, तिथंच आपण फसतो. कातडी दहाबारा दिवसांत मिटते. तिच्याखालचा पोटाचा पडदा मजबूत व्हायला महिने लागतात. आत तर जठराचा तीनचतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढलेला असतो. बरेच सर्जन चारसहा आठवडे पाचसात किलोंच्या वर काही उचलू देत नाहीत. खुर्चीवरचा माणूस दोनतीन आठवड्यांत कामाला जातो, ती गोष्ट आपल्याला लागू नाही. मी तर आपल्या कामाला तीन महिने धरतो. पण माझं ऐकून उचलू नकोस आणि माझं ऐकून थांबूही नकोस. सर्जनकडं जा आणि ‘काम करू का’ असं मोघम विचारू नकोस. ‘५० किलोची गोणी, दिवसातून शंभर वेळा’ असं सांग. माझ्या वेळी सर्जननं केसपेपरवर नुसतं ‘नोकरी’ लिहिलं होतं. मीही काही बोललो नाही.

दुसरी गोष्ट ताकदीची. चरबीबरोबर मांसही उतरतं, आणि पहिल्या महिन्यांत भराभर उतरतं. फळीवर पाय हलका पडतो म्हणून आपण खूश, पण मांडीत पूर्वीचा जोर नसतो. शिवाय पाठीवरची गादी गेली की गोणीची शिवण थेट हाडावर बसते. बारदानाची दुहेरी घडी खांद्यावर घेत जा, लाजू नकोस.

मांस टिकवायचं तर रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन पोटात गेलं पाहिजे, आणि पोट झालंय वाटीएवढं. एका अंड्यात सहा ग्रॅम, म्हणजे हिशेब तूच कर. मी आधी अंडी, पनीर, चिकन नाहीतर घट्ट मूगडाळ खायचो, भाकरी सगळ्यात शेवटी, तीही कुस्करून. डॉक्टरांनी पावडर दिली असेल तर तीही घे. टोळी दहा मिनिटांत डबा उरकते, तुला एका वाटीला अर्धा तास लागेल. घाईनं घास कोंडला की छातीत दगड बसल्यासारखं होतं. मी एकदा सगळ्यांदेखत थप्पीमागं जाऊन ओकलो, तेव्हापासून वेगळा बसायला लागलो. यंदा एकादशी करू नकोस. साबुदाण्यात पिठाशिवाय काही नसतं, पांडुरंग समजून घेईल.

पाण्याचं तर फारच जपावं लागतं. पूर्वी तांब्या तोंडाला लावला की रिकामा व्हायचा. आता घोटघोट, आणि जेवणानंतर अर्धा तास तेही नाही. मग एप्रिलच्या उकाड्यात पत्र्याखाली दोन लिटर प्यायचं कधी? मी लिटरच्या बाटलीला आठ रबर अडकवले होते. तासाला एक रबर खाली सरकला पाहिजे. पोरं हसायची. पण लघवी गडद झाली किंवा उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली, तर ते पाणी कमी पडल्याचं लक्षण असतं, मग गोणी ठेवून बसायचं. बीपीच्या आणि साखरेच्या जुन्या गोळ्यांचं मापही डॉक्टरांकडून बदलून घे. वजन उतरल्यावर तीच गोळी जास्त होते आणि माणूस फळीवरून खाली येतो.

आता जे सगळ्यात जास्त चिडून सांगायचंय ते. आपल्या मार्केटात अंग दुखलं की मेडिकलमधून पान फाडून आणतात, दोन गोळ्या आणि वर चहा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीची गोळी आता डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. उरलेल्या जठराला अल्सर होतो. आपल्यासारखं जठर कापण्याऐवजी ज्याचं आतडं वळवून जोडलंय, म्हणजे जठराचा बायपास झालाय, त्याला तर जास्तच. साधं पॅरासिटामोल चालतं. मिश्री, तंबाखू, बिडी यांनीही अल्सर होतो, तेही बंद. तू मिश्री सोडलीस असं तुझी आई म्हणाली. मी तिच्याजवळ काही बोललो नाही, पण फोनवर तुझा आवाज ऐकून मला शंका आहे.

व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभराच्या आहेत. लोहाची आणि कॅल्शियमची एकत्र घ्यायची नाही, मध्ये दोन तास जाऊ दे, आणि लोहावर चहा नको. बी-१२ तपासत राहा. तिसऱ्याचौथ्या महिन्यात केस गळतील, बहुतेकांचे परत येतात. पण ताप आला, छाती धडधडतेय, पोट किंवा डावा खांदा विनाकारण दुखतोय, पोटरी सुजलीय, उलटी थांबत नाही, यातलं काहीही झालं तर गाळ्यावर कुणाला विचारत बसायचं नाही. थेट हॉस्पिटल.

सोमवारी जाऊ नकोस. त्याआधी मुकादमाला गाठ आणि खरं सांग, निदान त्याला आणि तुझ्या जोडीदाराला तरी. हसतील आठवडाभर. मग त्यांच्यातलाच एकजण बाजूला घेऊन विचारेल, ‘खर्च किती आला?’ मला तिघांनी विचारलं. वाटणीचंही आधीच बोलून घे. काम अर्धं असेल तर अर्धी वाटणी घे, म्हणजे कुणाच्या डोळ्यांवर येणार नाहीस आणि उसना जोर काढून गोणीला हात घालणार नाहीस.

सर्जननं हो म्हटल्यावर सुरुवातीला तोलकाट्याजवळ बस. पोती मोजायची, खडूनं खुणा करायच्या, फाटलेली शिवायची. मग घरी दहा किलोची पिशवी, कंबरेएवढ्या ओट्यावरून उचलून तेवढ्याच उंचीवर ठेवायची, उचलताना श्वास सोडत. जमिनीवरून उचलणं सगळ्यात शेवटी. गाळ्यावरही आधी दोघांनी पाठीवर चढवून दिलेली गोणी घे, खाली वाकून एकट्यानं नको.

पोती शिवायला माझं दाभण आहे, लाकडी मुठीचं, घणसोलीच्या खोलीत लोखंडी पेटीत. किल्ली वहिनीकडं आहे. सुतळी मात्र तुझी तू आण.

तुझा,
काका