वाचनालयातल्या गप्पांची संध्याकाळ दुसऱ्याच महिन्यात का ओसरते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईच्या उपनगरातल्या एका लहान सार्वजनिक वाचनालयात महिन्यातून एकदा संस्कृती, ग्रंथालयं आणि तंत्रज्ञान यांवर गप्पांची संध्याकाळ सुरू केलीत. पहिल्या वेळी 'डिजिटल युगातील वाचनसंस्कृती' हा विषय, एक पाहुणे वक्ते आणि ३२ माणसं. दुसऱ्या वेळी तसाच विषय आणि ९ माणसं. जागा चुकली, वार चुकला की प्रसिद्धी कमी पडली, असं विचारलंत.

वार आणि प्रसिद्धीबद्दल खाली लिहितो, पण खरी अडचण विषयात आहे. 'वाचन कमी झालंय' यावर खोलीतल्या सगळ्यांचं दहा मिनिटांत एकमत होतं. एकमत झालं की बोलायला काही उरत नाही, मग मोबाइलला आणि तरुणांना दोष देणं सुरू होतं. आलेली चार तरुण मुलं मान खाली घालून बसतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. म्हणून मोठा विषय सोडा. टेबलावर एक वस्तू ठेवा आणि तिच्याबद्दल असा प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर शेजारी बसलेल्या दोघांचंही एक येणार नाही.

सुरुवातीला हे करा. ग्रंथपालांच्या परवानगीने कपाटातून अशी २० पुस्तकं काढा, जी गेल्या दहा वर्षांत एकदाही बाहेर गेलेली नाहीत. ती ओळखायला संगणक लागत नाही. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची पट्टी बघा. जुन्या पट्टीवर जांभळ्या शाईचे शिक्के सुरुवातीला एकाखाली एक दाटीने पडलेले असतात, दर पंधरा दिवसांनी एक. मग अंतर वाढत जातं, मध्येच एखादा शिक्का तिरका, आणि खाली अर्धी पट्टी कोरी. ही पट्टी माणसांच्या हातात द्या आणि विचारा, 'यातली पाच पुस्तकं वाचनालयातून कायमची काढून टाकायचीच झाली, तर कुठली?' कुणी म्हणेल हे दुसरीकडे कुठे मिळणार नाही, कुणी म्हणेल याची स्कॅन प्रत इंटरनेटवर आहे, कुणी म्हणेल स्कॅन वाचायला माझ्या आईला जमत नाही. तुमचे तिन्ही विषय त्यात आपोआप येतात, आणि प्रत्येकाच्या हातात पुस्तक असल्यामुळे बोलणं हवेत राहत नाही. दोन गोष्टी सांभाळा. आणताना आणि परत ठेवताना दाखल क्रमांक लिहून पुस्तकं मोजा, कारण गप्पांच्या ओघात एखादं पुस्तक पिशवीत जातंच. आणि आज काहीही रद्दीत जाणार नाही हे आधीच सांगा. अनुदानित वाचनालयात पुस्तकांचं निर्लेखन, म्हणजे नोंदीतून पुस्तक कमी करणं, रीतसर प्रक्रियेने करावं लागतं, ते एका संध्याकाळच्या हात वर करण्याने होत नाही.

तंत्रज्ञानाच्या संध्याकाळीही भाषणापेक्षा प्रात्यक्षिक ठेवा. एक हमखास चालणारं प्रात्यक्षिक: 'दर्या' आणि 'दऱ्या'. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. वाचनालयाची यादी संगणकावर असेल तर शीर्षकात 'ऱ्या' असलेलं कुठलंही पुस्तक शोधायला सांगा. बऱ्याचदा ते यादीत असूनही सापडत नाही. कारण असं की युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप करता येतो. एक तऱ्हा म्हणजे खाली टिंब असलेला वेगळा ऱ घेऊन त्याला हलन्त जोडणं. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते वेगळे. यादी एकाने टाइप केली आणि शोधणारा दुसऱ्या तऱ्हेने टाइप करतोय, तर उत्तर शून्य. त्याआधीच्या काळात यादी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेली असेल तर अडचण आणखी खोल आहे: तिथे मराठी अक्षरांच्या आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेल्या असतात, म्हणून तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. हे पाच मिनिटांत डोळ्यांसमोर दिसलं की सत्तरीतले आजोबा आणि विशीतली मुलगी एकाच प्रश्नावर बोलायला लागतात: मग आपल्या यादीचं काय करायचं?

दुसरं प्रात्यक्षिक म्हणजे जुन्या पुस्तकाचं पान मोबाइलने टिपून त्याचा मजकूर काढणं. मोबाइल पानाला समांतर धरा, उजेड दोन्ही बाजूंनी येऊ द्या. एकाच दिव्याखाली हाताची सावली नेमकी मधल्या ओळींवर पडते. शिवणीजवळ पान वळतं तिथल्या ओळींच्या सुरुवाती बिघडतात, आणि झिजलेल्या खिळ्यांच्या छपाईत घ आणि ध, भ आणि म यांची अदलाबदल होते. आलेल्या मजकुराच्या प्रती काढून जोडीजोडीने चुका शोधायला द्या, लोक त्यात रमतात. पान निवडताना हक्कांचं पाहा. लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या साहित्यावरचा हक्क आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६५ अखेरपर्यंत वारलेल्यांचं असं लेखन २०२६ च्या सुरुवातीपासून मोकळं झालं. अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा मोजायचा. हक्कात असलेल्या पुस्तकातला वाजवी उतारा मोठ्याने वाचायला हरकत नाही, पण अख्खं प्रकरण स्कॅन करून ग्रुपवर टाकू नका.

वक्ता हवाच असेल तर त्याला दहा मिनिटं द्या. मुंबईत ही रीत नवी नाही. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी सभा काढली, तिच्या मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक शाखांमध्ये निबंध वाचायचा आणि त्यावर बोलायचं, असा क्रम होता. वक्ता पन्नास मिनिटं बोलला की उरलेल्या वेळात लोक त्याच्याकडे बघून प्रश्न विचारतात, एकमेकांशी बोलत नाहीत. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, परिचय आणि आभार यांत अर्धा तास जातो. हे सगळं वगळा. पाहुण्यांना आधी फोनवर सांगितलंत तर कुणी मनाला लावून घेत नाही. आयत्या वेळी वगळलंत तर लावून घेतात.

खुर्च्या. वर्तुळ सगळ्यांना आवडतं, पण हिशोब करून बघा. प्लास्टिकच्या एका खुर्चीला बाजूच्या फटीसकट २६ इंच लागतात. २४ खुर्च्यांचा घेर ५२ फूट, म्हणजे व्यास साडेसोळा फूट, आणि मागून जायला दोन्हीकडे दीड-दोन फूट. वीस बाय वीसची खोली लागली. वाचनालयाच्या खोल्या लांबट आणि अरुंद असतात, तिथे घोड्याच्या नालेसारख्या दोन रांगा करा, उघडी बाजू टेबलाकडे. मागची रांग पुढच्या दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीत बसवा. खुर्च्या ५० असल्या तरी २० च मांडा, बाकीच्या भिंतीला एकावर एक राहू द्या. रिकाम्या ३० खुर्च्या बघून आलेल्या २० जणांनाही वाटतं की कार्यक्रम पडला.

आवाजाचा शत्रू पंखा. डोक्यावरचा पंखा पूर्ण वेगात असला की हळू बोलणाऱ्या बायकांचा आणि वृद्धांचा आवाज आठ फुटांवर विरतो, आणि मग फक्त खड्या आवाजाचे चार पुरुष बोलत राहतात. मधला पंखा बंद करून कडेचे चालू ठेवा, किंवा वेग दोनवर आणा. तरी भागलं नाही तर एक छोटा स्पीकर आणि हातात फिरवायचा एकच माइक. माइक फिरतो तेव्हा एका वेळी एकच बोलतो, हा त्याचा खरा फायदा. सेलची एक जादा जोडी जवळ असू द्या. पडद्यावर काही दाखवायचं तर फाइल पीडीएफ करून आणायला सांगा, नाहीतर दुसऱ्याच्या लॅपटॉपवर मराठी फॉन्ट बदलतो आणि ओळी चौकटीबाहेर जातात.

वेळ. महिन्याचा दुसरा शनिवार ठरवून टाका. त्या दिवशी बँकांना सुट्टी, राज्य सरकारच्या कार्यालयांना २०२० पासून सगळेच शनिवार सुट्टीचे. रविवार मोकळा वाटतो, पण लोकल गाड्यांचा मेगाब्लॉक साधारण दुपारी चारपर्यंत असतो आणि त्यानंतरच्या गाड्या भरून येतात. एका स्टेशनापलीकडून येणारा माणूस तेवढ्यानेच बेत रद्द करतो. साडेपाचला चहा, पावणेसहाला सुरुवात, सव्वासातला संपवा. बोलणं रंगलं असलं तरी सव्वासातलाच. डोंबिवली-विरारला जाणारे आणि घरी स्वयंपाक असलेले लोक अधूनमधून घड्याळ बघत बसण्यापेक्षा, वेळेवर सुटतात या खात्रीने पुन्हा येतात. जून ते सप्टेंबर, कार्यक्रम होणार की नाही हे त्या दिवशी दुपारी बारापर्यंत ठरवून कळवा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाण्याचा निचरा होत नाही. अशा मोठ्या भरतीच्या तारखा पालिका पावसाळ्याआधी जाहीर करते, त्या बघून ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या घरातलं कुणी येत नाही, ते गृहीत धरा. २७ फेब्रुवारी (मराठी भाषा गौरव दिन) किंवा १५ ऑक्टोबर (वाचन प्रेरणा दिन) गाठायचा अट्टहास नको, त्या दिवसांत प्रत्येक संस्थेचा कार्यक्रम असतो.

चहा सुरुवातीलाच, मध्यंतर नको. दहा मिनिटांचं मध्यंतर पंचवीसचं होतं आणि त्यात तिघे निघून जातात. ३० लहान कपांना सव्वा लिटर दूध, दीड लिटर पाणी, ६५ ते ७० ग्रॅम चहापूड. साखर घालण्याआधी थोडा चहा वेगळ्या थर्मासमध्ये काढा आणि त्यावर कागद चिकटवून 'बिनसाखरेचा' असं लिहा, विचारायला लागलं की लोक संकोचतात. जुनी पुस्तकं हाताळायची असतील त्या दिवशी वडे आणि चिवडा नको. तेलाचा एक अंगठा पानाच्या कडेवर कायमचा उमटतो. त्या दिवशी बिस्किटं पुरेत.

सूत्रधाराबद्दल थोडं सविस्तर, कारण अर्धं यश तिथे आहे. सुरुवातीला सगळ्यांना एकदम विचारू नका. प्रश्न सांगा आणि शेजारच्याशी चार मिनिटं बोलायला लावा. ज्याने एकदा शेजाऱ्याकडे मत मांडलं, तो नंतर सगळ्यांसमोर बोलतो. प्रश्न विचारल्यावर शांतता पसरली तर मनात दहापर्यंत मोजा. नवे सूत्रधार तिसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देतात आणि खोली पुन्हा ऐकायला बसते. लांबण लावणारं कुणीतरी असतंच, 'प्रश्न नाही, थोडं भाष्य करतो' म्हणून उभं राहणारं. त्यांचा अपमान होऊ देऊ नका, बहुतेकदा ते सगळ्यांत नेमाने येणारे असतात. सूत्रधाराने त्यांच्या समोर न बसता शेजारी बसावं. समोर नजर भिडली की बोलणं वाढतं. दोन मिनिटांनी फळ्याकडे जाऊन मुद्दा चार शब्दांत लिहावा आणि म्हणावं, 'काका, हे घेतलं मी, आता मागच्या ताईंचं ऐकू.' मुद्दा लिहिलेला दिसला की बहुतेक जण थांबतात. तंत्रज्ञानाच्या संध्याकाळी तरुणांना एकच नियम सांगा: इंग्रजी संज्ञा वापरा, पण लगेच वाचनालयातला एक दाखला द्या. 'मेटाडेटा' म्हटलं की 'म्हणजे कॅटलॉग कार्डावर जे लिहितो ते'.

प्रसिद्धीसाठी ग्रुप असा ठेवा की त्यावर फक्त आयोजक लिहितील. शुभ सकाळच्या संदेशांत तुमची तारीख बुडते आणि लोक ग्रुप मुका करतात. दहा दिवस आधी, तीन दिवस आधी आणि त्या दिवशी सकाळी, असे तीनच संदेश. त्यात तारीख, वार, वेळ, प्रश्न, स्टेशनची पूर्व की पश्चिम, चालत किती मिनिटं, लिफ्ट आहे की किती पायऱ्या. शेवटचं न लिहिल्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेले लोक विचारायला नको म्हणून येतच नाहीत. 'येतो' म्हणणाऱ्यांतले निम्मे धरा. सगळ्यांत उपयोगी उपाय मात्र देवघेवीच्या टेबलावर आहे: आधीचे दोन आठवडे प्रत्येक बाहेर जाणाऱ्या पुस्तकात प्रश्न लिहिलेली एक चिठ्ठी घाला. एका झेरॉक्समध्ये आठ चिठ्ठ्या बसतात, आणि ती नेमकी वाचणाऱ्याच्या घरी जाते. दारात नाव-नंबरची वही उघडी ठेवू नका, बायकांचे नंबर त्यातून फिरतात. ज्यांना संदेश हवा त्यांनी घडी घातलेली चिठ्ठी डब्यात टाकावी.

ऑनलाइनही जोडा असं कुणी ना कुणी सुचवेल. पहिले सहा महिने नको. स्टँडवरचा एक मोबाइल खोलीतला आवाज नीट पकडत नाही, घरून ऐकणाऱ्याला काही कळत नाही, आणि खोलीतली माणसं मोबाइलकडे बघून बोलायला लागतात.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर एक संध्याकाळ बाहेर काढता येईल: नायगावचं १८९८ चं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, किंवा फोर्टातल्या टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी. आधी पत्र देऊन वेळ ठरवा, १२ ते १५ जणच न्या. टाउन हॉलच्या दर्शनी पायऱ्या बऱ्याच आणि उंच आहेत, ज्येष्ठांना ते आधी सांगा.

पुढच्या महिन्याची वस्तू आणि प्रश्न सव्वासातच्या आत, लोक खुर्च्यांवर असतानाच ठरवा. ज्यांनी सुचवली त्यांनाच ती आणायला सांगा, मग ती आजीची ओव्यांची वही असो की बंद पडलेला टाइपरायटर, आणि आदल्या शुक्रवारी त्यांना आठवणीचा फोन करा.