आजीव सभासदांचे पैसे कुठे आहेत, ते आधी विचारा

आकाशदर्शन मंडळाची वर्गणी तीन वर्षांत 600 वरून 1250 झाली, नेरुळहून ठाण्याला येऊन वर्षात जेमतेम चार कार्यक्रम मिळतात, मग सभासद राहावं का, असं तुम्ही विचारलंय. ठाण्यातल्या अशाच एका मंडळात मी 2004 पासून आहे, त्यातली सात वर्षं खजिनदार होतो.

वर्गणी वाढली म्हणजे कुणी पैसे उधळले असं लगेच धरू नका. आमच्याकडे 250 जण 600 भरायचे, दीड लाख जमायचे. आज वर्गणी भरणारे 120 उरलेत. छापील पत्रिका बंद केली तरी खर्च दीड लाखाच्या खाली येत नाही. भागून बघा, माणशी 1250च येतात. सभागृहाचं भाडं, दुर्बिणी ठेवायची खोली, ऑडिटरची फी, यातलं काहीच माणसं घटली म्हणून घटत नाही. त्यात आपली खाडीकाठची दमट हवा. पावसाळाभर पेटी उघडली नाही की भिंगांवर बुरशी धरते, आरशाचा ॲल्युमिनियमचा लेप काळवंडतो आणि काही वर्षांनी नव्याने द्यावा लागतो.

पण खरं दुखणं आजीव सभासदांचं आहे. पूर्वी 1500 रुपयांत आम्ही आजीव सभासदत्व देत होतो, मीही तसंच घेतलं. ते पैसे कायम निधीत ठेवून फक्त व्याज वापरायला हवं होतं. प्रत्यक्षात एकदा दुर्बीण घेताना गेले, एकदा वर्धापनदिनाला. आज असे 90 जण यादीत आहेत. सहलीत त्यांना जागा आहे, सभेत मत आहे, आणि भार मात्र दरवर्षी भरणारे 120 जण उचलतात. हा नव्या सभासदांवर अन्याय आहे. मी खजिनदार असताना तो थांबवू शकलो नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. आता त्या-त्या वर्षीच्या वर्गणीइतकी देणगी मी पावती घेऊन देतो. आणखी अकरा जण देऊ लागलेत.

तेव्हा सोडण्याआधी हिशेब बघा. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असेल तर अनुसूची आठ म्हणजे ताळेबंद आणि नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च; सचिवांकडे दोन्हींच्या प्रती मागा. आजीव वर्गणीचा निधी ताळेबंदात दिसतो का, आणि तेवढी रक्कम बँकेत ठेवीत आहे का? मग सहलींचा खर्च बघा. पूर्वी आम्ही कर्जत लोकलने वांगणीला उतरलो की काम व्हायचं. आता तिथलं आकाश उजळलंय, बस करून मुरबाडच्या पुढे माळशेजकडे जावं लागतं. ते भाडं जाणाऱ्यांनीच भरायचं. वर्गणीतून जात असेल तर तुमची तक्रार रास्त आहे. कुणी जीएसटीचं कारण पुढे केलं तर वार्षिक उलाढाल विचारा. सेवांची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणीच लागत नाही.

मात्र यंदाची वर्गणी भरून टाका. सोसायटी नोंदणी कायद्यात तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकलेल्याला मताचा हक्क नाही, आणि हे प्रश्न मत असलेल्या सभासदानेच विचारायला हवेत. आयत्या वेळच्या विषयांत विचारू नका. वार्षिक सभेच्या आधी सचिवांना लेखी द्या आणि पोच घ्या.