सबवूफरमधून (खोल, जाड आवाजाच्या स्पीकरमधून) सतत गुणगुण येते, गाणं बंद असतानाही. काय करावं?

आधी सबवूफर चालू ठेवून त्यामागची सिग्नलची आरसीए केबल काढा. केबल काढताना आवाज अगदी कमी ठेवा.

गुणगुण तरीही राहिली तर दोष सबवूफरच्या आतल्या पॉवर सप्लायमध्ये किंवा अॅम्प्लिफायरमध्ये आहे. तो दुरुस्तीलाच द्या, कारण प्लग काढल्यावरही आत कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) चार्ज उरतो.

थांबली तर बहुतेक वेळा ग्राउंड लूप असतो. रिसीव्हर (सबवूफरला सिग्नल देणारं यंत्र) आणि सबवूफर वेगवेगळ्या सॉकेटवर असले की दोघांच्या अर्थिंगमध्ये किंचित फरक पडतो आणि वीजपुरवठ्याची ५० किंवा ६० हर्ट्झची घरघर केबलवाटे आत शिरते. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून पाहा. फरक नाही? मग सेट-टॉप बॉक्सला येणारी केबल टीव्हीची वायर काढून बघा. पुष्कळदा खरा चोर तीच असते, आणि त्यासाठी वेगळा आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन अर्थिंगची जोडणी तोडणारा छोटा जोड) मिळतो.

सिग्नल केबल विजेच्या वायरींना चिकटून जात असेल तर दूर करा. जुनी असेल तर चांगल्या शील्डिंगची (बाहेरची घरघर अडवणाऱ्या धातूच्या आवरणाची) घ्या.

एक कळकळीची विनंती: गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढू नका. आवाज जाईलही, पण शॉकपासूनचं संरक्षणही जाईल.