फाइल ‘लिहिण्यासाठी’ उघडावी की ‘कोरी करून’?

नाशिकरोडला अकरावी-बारावीच्या मुलांना संगणकशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने विचारले आहे, की पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची टिपणे मराठीतून तयार करताना फाइल उघडण्याच्या ‘मोड’ना, म्हणजे फाइल कशी उघडायची हे सांगणाऱ्या अक्षरांना, काय म्हणावे. त्यांनी स्वतः ‘आर’साठी (r) ‘वाचन मोड’, ‘डब्ल्यू’साठी (w) ‘लेखन मोड’ आणि ‘ए’साठी (a) ‘जोड मोड’ असे शब्द योजले होते. मात्र एका विद्यार्थ्याने हजेरीपटाच्या फाइलमध्ये आणखी दोन नावे लिहायची म्हणून ती ‘लेखन मोड’मध्ये उघडली आणि आधीची सगळी नावे गेली. चूक मुलाची की शब्दाची, असा त्यांचा खरा प्रश्न आहे.

बाई, चूक शब्दाची आहे, आणि ती ‘लेखन’ या शब्दाइतकीच ‘मोड’ या शब्दाचीही आहे. मराठी कानाला ‘मोड’ म्हटले की मटकीचे मोड आठवतात, रुपयाची मोड आठवते, नाहीतर ‘मोडणे’चे आज्ञार्थी रूप ऐकू येते, ‘लेखन मोड’ हे शब्द वाचून एखाद्याने लेखन खरोखरच मोडले, तर त्याला दोष कसा द्यावा? शास्त्रीय परिभाषेत शोधू गेल्यास संख्याशास्त्रातला ‘बहुलक’ हाती लागतो, तो येथे निरुपयोगी आहे. व्याकरणातली वाट त्याहून उपयोगाची आहे. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ यांना आपले व्याकरण क्रियापदाचे ‘अर्थ’ म्हणते, म्हणजे क्रिया कोणती यापेक्षा ती कोणत्या हेतूने बोलली जात आहे, हे ते सांगतात. फाइलचा मोडही तेच सांगतो: क्रिया ‘उघडणे’ हीच राहते आणि मोड हा ‘कशी उघडायची?’ या प्रश्नाचे उत्तर असतो. ‘कशी’चे उत्तर मराठीत नामाने नव्हे, तर क्रियाविशेषणाने द्यायचे असते. ‘वाचन’, ‘लेखन’, ‘जोड’ ही तिन्ही नामे असल्यामुळे ती उघडण्याविषयी काही न सांगता नंतरच्या कामाविषयी बोलतात, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो.

कारण ‘डब्ल्यू’मध्ये जुना मजकूर लिहिताना पुसला जात नाही, तो उघडतानाच पुसला जातो. पायथनच्या ‘ओपन’ या फंक्शनला ‘डब्ल्यू’ सांगून फाइल उघडली आणि एक अक्षरही न लिहिता बंद केली, तरी ती शून्य बाइटची, म्हणजे पूर्ण रिकामी, झालेली असते. हा नियम पायथनने शोधलेला नाही. ही अक्षरे सी या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रमाणित ग्रंथालयातून (स्टँडर्ड लायब्ररीतून) आलेली आहेत, आणि तेथेही ‘डब्ल्यू’चे वर्तन हेच आहे: फाइल नसेल तर तयार करायची, असेल तर तिची लांबी शून्य करायची. आपल्याकडे पाटीवर लिहिण्याआधी ती पुसतात, पण वहीत लिहिण्याआधी कोणी वही पुसत नाही, आणि ‘लेखन’ म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यांपुढे वहीच येते. म्हणून ‘डब्ल्यू’साठी मी ‘कोरी करून’ असे सुचवेन. यातला ‘ऊन’ हा प्रत्यय आधी घडलेली क्रिया दाखवतो. ‘फाइल कोरी करून उघडणे’ एवढे वाचले, की लिहिण्याची वेळ येण्यापूर्वीच काय झालेले असेल हे वेगळे सांगावे लागत नाही. सातबारा कोरा करण्याच्या घोषणा ऐकत वाढलेल्या निफाड-दिंडोरीच्या मुलांना ‘कोरा’ या शब्दाचे वजन तर समजावूनही द्यावे लागणार नाही.

‘उघडणे’ या क्रियापदाविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण मराठीत त्याचे दोन स्वभाव आहेत. दार उघडायचे तर दार आधी असावे लागते. खाते किंवा दुकान उघडायचे तर ते आधी नसते, उघडण्यानेच ते अस्तित्वात येते. ‘आर’ म्हणजे दार उघडणे: फाइल जागेवर नसेल तर पायथन ती सापडत नसल्याची त्रुटी दाखवून थांबतो. (मोड सांगितलाच नाही तर हाच गृहीत धरला जातो.) ‘एक्स’ (x) हा आणखी एक मोड म्हणजे खाते उघडणे: त्या नावाची फाइल आधीच असेल तर हा मोड तिला हातही न लावता त्रुटी देतो. तो सी भाषेच्या २०११ च्या प्रमाणकात आला आणि २०१२ च्या पायथन ३.३ मध्येही आला. ‘डब्ल्यू’ मात्र दोन्ही अर्थ एकत्र गुंडाळतो आणि शिवाय घरातले सामान बाहेर फेकतो. जुनी फाइल चुकून जाऊ नये अशी काळजी असेल तेथे ‘एक्स’च शिकवावा, आणि त्याला ‘नसेल तरच नवी’ असे सरळ म्हणावे. इंग्रजी ‘एक्सक्लुझिव्ह’साठीचा ‘अनन्य’सारखा शब्द मुलांना काहीही सांगत नाही.

‘ए’साठी ‘जोड’ हा शब्द चुकीचा नाही, पण जोड कोठेही देता येते, मध्येसुद्धा. येथे नियम कडक आहे: लिहिलेले प्रत्येक वेळी शेवटीच जाते. सी भाषेत वाचनाचा किंवा लेखनाचा काटा, म्हणजे फाइलमध्ये आपण कोठे आहोत हे दाखवणारी खूण, मागे फिरवून ठेवला, तरी पुढचे लेखन शेवटालाच होते. रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरी तीर्थपुरोहितांकडच्या वंशावळीच्या वह्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना हे लगेच उमजेल. आजोबांची सही, त्यांच्या गावाचे नाव, काकांची नोंद हे सगळे मागे जाऊन वाचता येते, पण आपले नाव आपण नव्या नोंदीतच घालतो. पणजोबांच्या ओळीत कोणी स्वतःला घुसवत नाही. या मोडला माझा शब्द ‘पुरवणीसाठी’ हा आहे. परीक्षेत पुरवणी उत्तरपत्रिकेच्या शेवटी बांधली जाते, आणि ती घेतल्याने आधीची पाने फाटत नाहीत. ‘परिशिष्टासाठी’ हा शब्द अर्थाने जवळचा असला तरी त्याला पुस्तकी वास येतो, आणि पत्रातला ‘ता. क.’ मला व्यक्तिशः सर्वांत आवडला असता, पण ताजा कलम लिहिणारी पिढी वर्गात उरलेली नाही.

आता मोडच्या अक्षरापुढे येणारे अधिकचे चिन्ह. ‘आर-अधिक’ला (r+) आपण काय म्हणावे हे विचारलेले नाही, पण ते विचारायला हवे होते, कारण सर्वांत फसवा तोच आहे. येथे फाइल आधी असावी लागते, ती कोरी होत नाही, वाचता येते आणि लिहिताही येते. म्हणून मुलांना वाटते की मध्ये शब्द घातला, तर पुढचे शब्द सरकून जागा देतील. ते सरकत नाहीत. फाइलमध्ये ‘त्र्यंबकेश्वर’ एवढाच मजकूर आहे असे समजा, आणि ती ‘आर-अधिक’ने उघडून लगेच ‘नाशिक’ लिहा. फाइलमध्ये आता ‘नाशिकंबकेश्वर’ असेल. ‘नाशिक’ ही आपल्या लेखी तीन अक्षरे असली, तरी संगणक काना आणि वेलांटी वेगळी मोजतो, त्यामुळे त्याच्या लेखी ती पाच चिन्हे होतात. त्याने ‘त्र्यंबकेश्वर’मधला त, हलन्त, र, हलन्त आणि य ही पहिली पाच चिन्हे झाकली आणि य वरचा अनुस्वार ‘क’च्या डोक्यावर येऊन बसला. यूटीएफ-८ या संकेतनात, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत, यातले प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असल्याने हिशेब निदान जुळला. ‘नाशिक’ऐवजी एकच रोमन अक्षर लिहिले असते, तर पहिल्या ‘त’चा एक बाइट गेला असता, दोन अनाथ उरले असते आणि पुढच्या वाचनात पायथनने ही फाइल उलगडता येत नाही असे सांगितले असते. या मोडला ‘दुरुस्ती’ म्हणू नये, कारण दुरुस्तीत माणूस शब्द हलवून जागा करतो. ‘वरून गिरवण्यासाठी’ हे शब्द कानाला थोडे खडबडीत लागतात, पण ते खोटे बोलत नाहीत.

‘डब्ल्यू-अधिक’ आधी कोरी करतो आणि मग वाचायलाही देतो, म्हणजे स्वतः नुकतेच लिहिलेलेच वाचता येते. ‘ए-अधिक’मध्ये पायथन काटा शेवटी नेऊन ठेवतो, त्यामुळे उघडल्याबरोबर वाचायला गेले तर रिकामे उत्तर येते. फाइल रिकामी आहे असा समज करून घेण्यापूर्वी काटा सुरुवातीला आणावा, हे टिपणांत जरूर लिहा. मजकुराऐवजी कच्चे बाइट वाचायला लावणाऱ्या ‘बी’ला (b) ‘बाइटरूपाने’ म्हणावे. मजकूर म्हणून वाचलेल्या ‘नाशिक’ची लांबी पाच येते, बाइटरूपाने पंधरा येते, आणि फळ्यावर लिहायला एवढे उदाहरण पुरेसे आहे.

मूळ अक्षरे मात्र बदलू नका, कारण मुलांना शेवटी तीच टंकायची आहेत. तक्त्यात एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला ‘उघडणे’ला चिकटणारे क्रियाविशेषण, अशी मांडणी ठेवा: वाचण्यापुरती, कोरी करून, पुरवणीसाठी, नसेल तरच नवी, वरून गिरवण्यासाठी. वरच्या ओळीत ‘मोड’ लिहायचे असेल तर लिहा, पण त्याच्या जागी ‘फाइल कशी उघडावी?’ असे लिहिलेत, तर हजेरीपट गमावलेल्या त्या मुलाला पुढच्या वेळी उघडण्यापूर्वीच प्रश्न पडेल.