उत्तेजन, प्रोत्साहन की धीर? प्रार्थनासभेच्या पत्रकातला एक शब्द

दारव्ह्याकडच्या एका ताईंनी विचारलंय. त्या त्यांच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, महिलांच्या उपास-प्रार्थनेचं पत्रक लिहितात, या वेळी त्यांनी "प्रार्थना व आध्यात्मिक उत्तेजन सभा" असं लिहिलं तर तरुण संघातले पोट्टे हसले, एक जण म्हणे ताई हा शब्द बरा नाही दिसत, प्रोत्साहन लिहा, आणि पाळकसाहेब म्हणाले की आमच्या वडिलांपासून उत्तेजनच म्हणत आले, बदलायचं काही कारण नाही. ताईंना दोन गोष्टी हव्यात, शब्द चुकीचा आहे का, आणि नसेल तर मग कानाला असा का लागते. जाता जाता "प्रार्थनेत उचलून धरा" हे मराठी आहे का असंही विचारलंय.

ताई, शब्द चुकीचा अजिबात नाही. पाळकसाहेब बरोबर आहेत. पण पोट्ट्यांवर रागावू नका, त्यांच्या कानात जो शब्द आहे तो मराठी उत्तेजन नाहीच, तो हिंदीतून आलेला आहे. आपल्या इकडे टीव्ही हिंदी, मोबाईलवरचे व्हिडिओ हिंदी, यवतमाळच्या बाजारात अर्धा भाव हिंदीत होते, आणि हिंदीत उत्तेजना म्हटलं की डोकं तापलेली गर्दी, नाहीतर मग पिक्चरमधला भलता अर्थ. त्यात पेपरात खेळाडू उत्तेजक द्रव्य घेताना सापडला अशी बातमी येते. इतक्या सगळ्या बाजूंनी शब्दावर धूळ बसली तर पोरं हसणारच. मराठीत मात्र हाच शब्द शाळेच्या स्नेहसंमेलनात किती साधा असतो पहा, पहिला, दुसरा, तिसरा आणि मग उत्तेजनार्थ. मला सहावीत वक्तृत्वाला उत्तेजनार्थ म्हणून स्टीलची वाटी मिळाली होती, माय ती वाटी किती तरी वर्ष फक्त पाहुण्यांच्या भाजीला काढायची, तेव्हा त्या शब्दात कोणाला काही वावगं दिसलं नव्हतं.

आता शब्दाच्या आत काय आहे ते पाहू, कारण मला यातच खरा आनंद आहे. उत्तेजन मधला मूळ धातू तिज्, म्हणजे धारदार असणं, धार लावणं. तेज त्याच घरातला, तीक्ष्ण त्याच घरातला, आणि तीक्ष्णवरून आलेलं आपलं तिखटसुद्धा. संस्कृत कोशात उत्तेजनाचा एक अर्थ सरळ शस्त्राला धार लावणं, ते घासून चकचकीत करणं असा दिलेला असतो. म्हणजे मृगाच्या आधी आपण वखराची पास आणि विळे घेऊन लोहाराकडे जातो ना, तो भात्यावर लाल करतो, ठोकतो, पाण्यात बुडवतो, चर्र आवाज होते, ते उत्तेजन. विळा नवा नाही झाला, तोच आहे, फक्त बोथटला होता तो पुन्हा कापायला लागला.

आणि पवित्र शास्त्रातलं नीतिसूत्रे २७:१७ आठवा, "तिखे तिख्याला पाणीदार करते, तसा मनुष्य आपल्या मित्राला पाणीदार करतो". लहानपणी मला वाटायचं की हे तिखट मिरचीबद्दल आहे. तिखे म्हणजे पोलाद. जुना मराठी शब्द, आता बोलण्यातून गेला, बायबलमध्ये राहिला, आणि तोही त्याच तीक्ष्णच्या कुळातला. पाणीदार म्हणजे लोहाराने पाणी दिलेलं. एका ओळीत अख्खा भाता आहे.

आता खरी गंमत. नव्या करारात इब्री लोकांस पत्रात १०:२४ ला आहे की प्रीती व सत्कर्मे यांसाठी उत्तेजन येईल असं एकमेकांकडे लक्ष देऊ. इथे मूळ ग्रीक शब्द आहे पारोक्सुस्मोस, आणि त्याच्या पोटात ओक्सुस, म्हणजे धारदार! ग्रीकमध्ये धार, मराठीतही धार. हिंदी बायबलमध्ये याच जागी उकसाना आहे, ज्याला आपण उचकवणं म्हणू, तो पण जोरदार आहे, पण त्यात लोहार नाही. मराठीत ज्याने कोणी त्या जागी उत्तेजन बसवला त्याच्यासाठी मी मनापासून देवाचे आभार मानतो. म्हणून पत्रकातून हा शब्द काढून टाकायचा म्हटलं तर मला वाईट वाटेल.

पण धारेचं एक आहे, ती दोन्हीकडे चालते. हाच ग्रीक शब्द प्रेषितांची कृत्ये १५:३९ ला येतो, आणि तिथे तो कशासाठी आहे माहीत आहे का, प्रेषित पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्या भांडणासाठी. त्यांच्यासोबतचा मार्क मागे एकदा अर्ध्या रस्त्यातून परत गेला होता, त्याला पुन्हा सोबत न्यायचं की नाही यावरून दोघांचं इतकं टोकाला गेलं की बर्णबा मार्कला घेऊन कुप्र बेटावर निघून गेला आणि पौलाने सीलाला घेतलं. जवळची माणसं एकमेकांना धार लावतात आणि कधी कापतात पण. मंडळीत ज्याने चार वर्ष काम केलं त्याला हे वेगळं सांगायला नको.

हा बर्णबा आपल्या प्रश्नासाठी लय कामाचा माणूस आहे. त्याचं खरं नाव योसेफ, बर्णबा हे प्रेषितांनी ठेवलेलं, आणि कृत्ये ४:३६ ला त्याचा अर्थ मराठीत दिलाय बोधपुत्र. हिंदी बायबल काढा, तिथे शांति का पुत्र. इंग्रजीत जुन्या भाषांतरात सांत्वनाचा पुत्र आणि नव्यात, ज्याला आपण आता उत्तेजन म्हणून राहिलो, त्याचा पुत्र. माणूस एक, नाव एक, अर्थ चार! असं का झालं, तर मूळ ग्रीक शब्द पाराक्लेसिस, तो निघाला पाराकालेओ या क्रियापदातून, पारा म्हणजे बाजूला, जवळ, आणि कालेओ म्हणजे बोलावणं. जवळ बोलावून घेणं, बाजूला उभं राहून बोलणं. आता जवळ येऊन माणूस काय करेल हे समोरच्याची हालत काय आहे त्यावर आहे ना. म्हणून मराठी भाषांतरकारांनी त्या एका कुळाचे वेगवेगळे शब्द केले. रोमकरांस १२:८ ला कृपादानांच्या यादीत तो बोध आहे. २ करिंथकरांस पहिल्या अध्यायात ३ ते ७ या पाच वचनांत तो मुळात दहा वेळा येतो, आणि तिथे मराठीत सांत्वन आहे. आणि योहान १४:१६ ला पवित्र आत्म्यासाठी येतो तेव्हा कैवारी. हा मला सगळ्यात जास्त आवडते. कैवार घेणं म्हणजे काय हे खेड्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं, पंचायत बसली, सगळे एका बाजूला आणि तुम्ही एकटे, तेव्हा जो उठून तुमच्या बाजूला येऊन उभा राहते तो कैवारी.

मग आता तुमच्या पत्रकात काय लिहायचं. इथे मला एक प्रसंग सांगायचा आहे, कारण उत्तेजन आणि धीर यांच्यातला फरक मला कोशातून नाही कळला.

आमची आजी बायबलबाई होती, म्हणजे बायांना बायबल वाचून सांगायला पायी गावोगाव जायची, आणि मायने तिच्याकडून घेतलं ते म्हणजे दुखाच्या घरी कसं बसायचं. २०१७ साली आपल्याकडे कापसावर गुलाबी बोंडअळी आली ते तुम्हाला आठवत असेल, बोंडं दिसायला भरलेली आणि फोडली की आत कवडी, म्हणजे सडका कापूस. आमच्या गावात एका घरचा कर्ता माणूस त्या दिवसांत भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला, जेवत नव्हता, बोलत नव्हता. आमच्या घरगुती प्रार्थनेचा गट त्यांच्याकडे गेला, सोबत बाहेरून आलेला एक तरुण सेवक होता, मनाने फार चांगला, तो बसायच्या आधीच म्हणाला की आम्ही तुम्हाला प्रभूमध्ये उत्तेजन द्यायला आलो आहोत. घरची बाई म्हणाली, "बसा बाप्पा आधी, पानी घ्या." बस, एवढंच. माय काही बोलली नाही, ती आत जाऊन तिच्याजवळ बसली, समोर तुरीच्या शेंगांचा ढीग होता, दोघी सोलत राहिल्या, तासभर तरी. निघताना मायने त्या माणसाच्या पायथ्याशी उभं राहून प्रार्थना केली, ती मला अजून पाठ आहे: "बापा, या घराले धीर दे. हे तुह्येच लेकरं हायेत. यायले सोडू नको." आमेन. माणूस उठला वगैरे नाही लगेच, पण तोंड भिंतीकडून इकडे केलं त्याने. आम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, त्याच्याही पुढच्या आठवड्यात गेलो.

तो सेवक काही चुकीचं बोलला नव्हता. पण उत्तेजन हे चालत्या हाताला असते. विळा बोथटला तर धार लावता येते, विळ्याची मूठच निखळली असेल तर धार लावून काय करता? बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र पहा, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाही, तोवर त्यांच्याइतके चांगले मित्र नव्हते, बिघडलं ते बोलायला लागल्यावर.

आणि भाषेतच पुरावा आहे पहा. धीर देता येतो, धीर धरता येतो, धीर सुटतो, धीर खचतो. म्हणजे धीर ही धरायची वस्तू आहे, दोरीसारखी, एकाने दिली दुसऱ्याने धरली, सुटली तर पुन्हा द्यायची. उत्तेजन देता येतं, मिळतं, येतं, पण कोणी उत्तेजन धरून बसलं असं आपण म्हणत नाही, कारण ते धरायचं नसते, त्याने कामाला लागायचं असते. हिंमतही देता येते आणि धरता येते. दमाचं मात्र उलटं, दम धर म्हटलं तर धीराची गोष्ट आणि दम दिला तर धमकी! म्हणून शब्द सुटा पाहून चालत नाही, तो कोणत्या क्रियापदासोबत राहतो ते पहावं लागते.

पौलाला हा फरक पक्का माहीत होता. १ थेस्सलनीकाकरांस ५:१४ मध्ये तो सगळ्यांना एकच औषध देत नाही, जे नीट चालत नाहीत त्यांची कानउघाडणी, जे अल्पधीर त्यांना धीर, अशक्तांना आधार, आणि सहनशीलता मात्र सगळ्यांसोबत. तिथे धीर द्या साठी मुळातला शब्दसुद्धा वेगळा आहे, पाराकालेओ नाही.

प्रोत्साहनाबद्दल थोडंच सांगतो. शब्द चांगला आहे, उत्साहातून आलाय, आणि उत्साहाच्या मुळाशी सह् म्हणजे सहन करणं, पेलणं आहे, हे मला स्वतःला फार सुंदर वाटते. पण आपल्या गावात प्रोत्साहन म्हटलं की नियमित कर्ज फेडणाऱ्याला ५० हजारापर्यंतचं प्रोत्साहनपर अनुदान आठवते, आधार लिंक केलं का, यादीत नाव आलं का. तो शब्द जीआरमधून आल्यासारखा लागते. प्रार्थनेच्या पत्रकात मी तो घेणार नाही.

एक सांभाळा मात्र. उत्तेजन लिहा, उत्तेजनपर लिहा, पण साक्ष देताना बरेच जण "आजच्या संदेशाने मी फार उत्तेजित झालो" म्हणतात, ते नका म्हणू आणि पोरांनाही सांगा. ते इंग्रजी वाक्य मराठीत ओतलेलं आहे, आणि खराब झालेलं रूप नेमकं तेच आहे, उत्तेजित. "मला उत्तेजन मिळालं" म्हणा, नाहीतर त्याहून साधं, "मले हिंमत आली". साक्ष तर आपल्याच बोलीत द्यावी असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे मंडळीत दोन मराठ्या चालतात, एक पुलपिटवरची आणि एक चुलीजवळची. यवतमाळला १९५३ ते १९८३ एवढी वर्ष मोठी सेमिनरी, म्हणजे पाळकांना शिकवणारं विद्यालय, होती, मग ती पुण्याला गेली, तिथे शिकून गेलेल्यांनी शास्त्र नीट समजावून सांगितलं, त्याचा मला आदर आहे. पण "ले" आणि "तुह्यं" मध्ये केलेली प्रार्थना कमी पवित्र असते असं जर कोणाला वाटत असेल तर ते काढून टाका. पंडिता रमाबाईंनी ग्रीक आणि हिब्रू शिकून अख्खं बायबल मराठीत केलं, त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ ला ते पूर्ण छापून निघालं, आणि त्यांचा सगळा आग्रह साध्या बाईला समजेल अशा भाषेचा होता.

"प्रार्थनेत उचलून धरा" हे इंग्रजी संदेशांमधून आलं असावं असं मलाही वाटते, पण मराठीत उचलून धरणं म्हणजे पाठिंबा देणं हे आधीपासून आहे, मागणी उचलून धरली म्हणतोच आपण. आणि निर्गम १७ मध्ये मोशेचे हात थकले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी दोन बाजूंनी सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवले, ते चित्र डोळ्यासमोर असेल तर लिहा बिनधास्त.

तर पत्रकात मी असं लिहीन: "महिलांची उपास-प्रार्थना. ज्यांचा धीर खचला त्यांना धीर, ज्या सेवेत आहेत त्यांना उत्तेजन." खाली इब्री १०:२४ आणि १ थेस्सलनीका ५:१४ दोन्ही वचनं पूर्ण छापा, नुसते आकडे नको, कारण ज्या बायांना बायबल उघडून पाहता येत नाही त्यांना कोणी तरी वाचून दाखवेल. आध्यात्मिक हा शब्द काढला तरी चालते. आणि तुमच्याकडल्या म्हाताऱ्या माया धीर देण्यासाठी आणखी काय म्हणतात ते विचारून मला कळवा, माझ्या वहीत या पानावर अजून बरीच जागा आहे.