भूलशास्त्र घ्यावं का?

प्रिय डॉक्टर (पदवी अजून हातात पडायची आहे, पण सवय होऊ दे),

अनेक आशीर्वाद.

भूलशास्त्रात स्वतःचे पेशंट नसतात आणि नाव सर्जनचं होतं, असं मित्र सांगतात म्हणतोस. नावाचं खरं आहे. बरा झालेला माणूस पेढे घेऊन सर्जनकडेच जातो. भूल कोणी दिली हे त्याच्या लक्षातही नसतं. ते सलणार असेल तर आत्ताच दुसरी ब्रँच बघ. पेशंट नसतात हे मात्र साफ चूक.

निम्मं काम ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डातच होतं. "आ करा" म्हणायचं आणि नीट बघायचं. गुटखा खाणाऱ्याच्या तोंडात पुष्कळदा दोन बोटंही जात नाहीत. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी आखडलेली तोंडं अजून येतातच. अशा माणसाला आधी झोपवलंस, तर त्याचा श्वास तू थांबवलेला, श्वासनळीत नळी घालताना घसा दाखवणारा लॅरिंगोस्कोप आत जात नाही आणि हातात मोजकी मिनिटं. म्हणून हे आदल्या दिवशीच हेरायचं आणि तो जागा असतानाच नाकातून फायबरऑप्टिक स्कोपने, म्हणजे वाकणाऱ्या बारीक दुर्बिणीने, नळी घालायची तयारी ठेवायची.

दुसरा प्रश्न उपाशीपणाचा. "काही खाल्लं का?" "छे, काहीच नाही." "चहा?" "तेवढा घेतला, अर्धा कप." हे संभाषण तुला आयुष्यभर पुरेल. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण दुधाच्या चहाला सहा तास धरायचे; भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. तातडीची केस नसेल तर ती पुढे ढकलायची. सर्जन घड्याळ बघत असतो, नातेवाईक चिडलेले असतात, आणि "थांबायचं" हे तू शांतपणे सांगायचं असतं. भांडखोर माणसाला हे जमत नाही, भिडस्त माणसाला तर नाहीच.

अभ्यासाचं म्हणशील, तर परीक्षेपुरतं वाचलेलं फिजिऑलॉजी आणि फार्माकॉलॉजी इथे रोज डोळ्यांसमोर घडतं. सिझरला पाठीत इंजेक्शन दिलं की काही मिनिटांत बीपी उतरतं, आणि का उतरतं हे आठवत बसायला तेव्हा वेळ नसतो. बाईला थोडं डाव्या बाजूला कलतं ठेवायचं, सलाईन आणि बीपी वाढवणारं औषध हाताशी हवं. मॉनिटरकडे पाठ असली तरी कान तिकडे हवेत: ऑक्सिजन घसरायला लागला की पल्स ऑक्सिमीटरचा (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचा) टिकटिक आवाज जाड होत जातो. जन्मलेल्या बाळाची तब्येत जोखणारा अपगार स्कोअर तू पाठ केलाच असशील. तो तयार करणाऱ्या व्हर्जिनिया अपगार भूलतज्ज्ञच होत्या, एवढं मित्रांना सांग.

वाट सरळ आहे. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, नीट पीजी ही प्रवेश परीक्षा, मग तीन वर्षं एमडी किंवा त्याच्या तोडीची डीएनबी. पुढे हृदय किंवा मेंदूच्या शस्त्रक्रियांच्या भुलेत डीएम ही त्यावरची पदवी करता येते. आयसीयू आणि वेदना उपचार हेही आपलेच प्रांत. कोविडमध्ये व्हेंटिलेटर कोण सांभाळत होतं, ते तू पाहिलं असशील.

तालुक्याच्या गावात राहायचं ठरवलंस तर नोकरीपेक्षा फिरती प्रॅक्टिस जास्त. स्वतःची बॅग, चार-पाच हॉस्पिटलं, रात्री दोनला सिझरचा फोन. पैसे मिळतात, कधी उशिरा. जिथे मशीन धड नाही किंवा घशातला स्राव ओढून घेणारं सक्शन चालत नाही, तिथे कितीही ओळख असली तरी भूल द्यायची नाही. हे पहिल्याच महिन्यात सांगून टाकलंस की पुढे अवघड जात नाही.

एवढं वाचून ठरवू नकोस. इंटर्नशिपला ऑपरेशन थिएटरमध्ये पोस्टिंग लागलं की सगळे पोटाच्या बाजूला गर्दी करतात, तू डोक्याच्या बाजूला उभं राहा. त्याआधी यायचं असेल तर आमच्याकडे ये. पहिल्या केसच्या तासभर आधी पोहोच, म्हणजे मशीन तपासतानाही बघता येईल. आणि नाश्ता करून ये. उपाशी फक्त पेशंटने राहायचं असतं.

तुझा,
काका